उसनं लोखंड

आम्ही त्याला मासा म्हणतो.
पिवळा, पुरुषभर लांब,
अंगात लोखंडाचा एक स्क्रूसुद्धा नाही.
चार हजार मीटर केबल सोडून
त्याला मागे, खाली, काळोखात ठेवायचं,
कारण लोखंडाच्या पोटात बसून
लोखंडाचा कानोसा घेता येत नाही
आणि आमचं जहाज म्हणजे सगळं लोखंडच:
इंजिन, जिने, आचाऱ्याचे तवे.

ओर्ता बंदर सुटून सहा दिवस.
पीकुचा डोंगर दुसऱ्याच संध्याकाळी पाण्यात गेला.
मध्यरात्र ते चार ही पाळी आमची:
विंचपाशी व्हेनांसियु, पडद्यापाशी मी,
आणि चर्चमधून परतणाऱ्या म्हातारीच्या चालीने जहाज.

वरून मोजलं तर तळ नुसता पुटपुटतो.
तीन किलोमीटरवरून आवाज कळतो, अक्षरं नाही.
म्हणून खाली, तळापासून साठ मीटरांवर.
तिथे खडक स्वच्छ सांगतो:
मी थिजलो तेव्हा उत्तर इकडे होती.
थोडं पुढे गेलं की दुसरा, तितक्याच ठामपणे:
मी थिजलो तेव्हा उत्तर तिकडे होती.
दोघांचं खरं.
मधे सात लाख ऐंशी हजार वर्षांपूर्वीची ती कूस,
पृथ्वीने बदललेली,
होकायंत्र कुणाच्याच खिशात नसताना.

हे मी व्हेनांसियुला तीनदा समजावलं.
तिसऱ्यांदा तो म्हणाला,
"म्हणजे खाली कुणी काही विसरत नाही."
"तापवलं तर विसरतं," मी म्हटलं.

दोन वाजून अकरा मिनिटांनी रेघ उडाली.
चव्वेचाळीस हजारांच्या संथ चढउतारावर
एकच शिंग. एकशे तीस नॅनोटेस्ला.
दोनशे सेकंद, की संपलं.
खडक असा बोलत नाही, खडकाला घाई नसते.
"लोखंड," मी म्हटलं.

व्हेनांसियुने विंचवरचा हात काढला नाही.
पडद्याकडे पाहत म्हणाला,
माझा मामा लाझेशचा. देवमाशांवर जायचा.
मी अकरा वर्षांचा, कड्यावरच्या टेहळणीत.
मामाचा हार्पून लागला, दोर सळसळत संपला,
कापावा लागला.
काशालोत गेला तो गेलाच.
मामाला देवमाशाचं काही नव्हतं.
हार्पून मात्र शेजारच्या होडीचा, उसना.
त्याचे पैसे दोन हिवाळे फेडले.
मरेपर्यंत म्हणायचा, लोखंड खाली आहे माझं.

मग त्याने विचारलंच.

खोटं बोलणं सोपं होतं.
पाळी रात्रीची, कॉफी संपलेली,
आणि साठीतला माणूस उभा राहिलेला मुलासारखा.
मी कागद ओढला, आकडे मांडले:
चार किलोचा हार्पून, साठ मीटर अंतर,
अंतराचा घन भागिले.
उत्तर शून्यानंतर शून्यं शून्यं.
"हे हजारभर टनांचं आहे," मी म्हटलं.
"एखादं अख्खं जहाज असेल.
हार्पूनवरून आपण गेलो असतो
तर रेघ हललीही नसती."

त्याने कागद हातात घेतला, दूर धरून वाचला,
चष्मा खाली केबिनमध्ये होता.
"म्हणजे कदाचित गेलोही असू."

ह्यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं.
सकाळी प्रोफेसर एद्विजेस आल्या,
म्हणाल्या, ते शिंग छाटून टाक, खडकाचं नाही ते.
मी छाटलं. काम ते काम.
पण मूळ फाइल ठेवली आणि नोंदवहीत लिहिलं:
दोन अकरा. लोखंड. कुणाचं ते माहीत नाही.

सहाला मासा वर काढला.
डेकवर ठेवून गोड्या पाण्याने धुतला,
दुमडीतून करड्या गाळाचं बोटभर पाणी गळलं.
"पुसून घे," मी व्हेनांसियुला म्हटलं.
तो दोन पावलं मागे सरकला,
खिशावर हात ठेवून.
"तूच पूस. माझ्याकडे किल्ल्या आहेत."